पळून गेलेल्या नायकाची गोष्ट

दिवाळीत किल्ला बांधणाऱ्या आणि वेशभूषा स्पर्धेत पुठ्ठ्याची तलवार घेऊन मावळा होणाऱ्या माझ्या आठ वर्षांच्या मुलाच्या लेखी शूर म्हणजे ज्याला भीती वाटत नाही तो. ही व्याख्या त्याला आम्हीच शिकवली आहे. गोष्टी सांगताना नायक घाबरला तो भाग आपण गाळतो आणि मग रात्री स्वयंपाकघरात एकट्याने पाणी प्यायला न जाणाऱ्या मुलाला वाटते, की आपण त्यांच्यातले नव्हेच. म्हणून परवा झोपताना मी त्याला बाबा आमटे यांची गोष्ट मुद्दाम त्यांच्या पळून जाण्यापासून सांगितली.

वरोऱ्यात वकिली करणारे आणि नगरपालिकेचे उपाध्यक्ष असलेले बाबा, सफाई कामगारांचे कष्ट कळावेत म्हणून मैल्याची पाटी स्वतःच्या डोक्यावरून वाहत असत. गोऱ्या सैनिकांच्या तावडीतून एका मुलीला सोडवल्याबद्दल गांधीजींनी त्यांना ‘अभयसाधक’ म्हटले होते. अशा माणसाला भर पावसात गटाराकाठी तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी दिसला. त्याच्या हातापायांची बोटे झडली होती आणि जखमांत अळ्या पडल्या होत्या. त्याला पाहून बाबा घाबरले आणि घराकडे पळाले.

“पळाले?” मुलगा अंथरुणात उठून बसला. “मग ते हीरो कसे?”

ते परत गेले, असे मी सांगितले. त्यांनी तुळशीरामला आपल्या हाताने भरवले, पावसापासून आडोसा करून दिला आणि तो गेला तोही त्यांच्याच देखरेखीखाली. मनातली भीती मात्र त्या दिवशी संपली नाही. पुढे कित्येक महिने ती बाबांना छळत राहिली. हा तपशील मी खास रेंगाळून सांगितला, कारण धैर्य दिवा लावल्यासारखे लागत नाही हे मुलांना कुणीतरी सांगायला हवे. मग कलकत्त्याला जाऊन घेतलेले कुष्ठरोगावरचे शिक्षण, १९४९ साली स्थापन झालेली महारोगी सेवा समिती आणि १९५१ साली खडकाळ माळावर ६ रुग्ण, एक लंगडी गाय व १४ रुपये एवढ्यावर सुरू झालेले आनंदवन हे सारे भराभर सांगून झाले. दोन लहान मुलांना घेऊन बाबांच्या पत्नी साधनाताईही त्या माळावर राहायला गेल्या, हे ऐकून त्याने विचारले, “त्यांना भीती नाही वाटली?” साधनाताईंना आपण अशा गोष्टींत एकाच वाक्यात उरकतो, हे मला तेव्हा जाणवले.

दिवा मालवल्यावर बराच वेळ शांतता होती. त्याला झोप लागली असे समजून मी उठणार, तोच त्याने विचारले, “बाबा पळाले तेव्हा तुळशीरामला काय वाटलं असेल?”

माझ्या गोष्टीत तुळशीराम तोवर नुसता पडून होता. दूर जाणाऱ्या पावलांचा आवाज त्यालाही ऐकू आला असेल, हे माझ्या मनात आले नव्हते.