डोळ्यांच्या फेलोशिपबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून

एमएस किंवा डीएनबी ऑप्थॅल्मॉलॉजी (डोळ्यांच्या शाखेचं पदव्युत्तर शिक्षण) पार पडली की एक प्रश्न ठरलेला असतो: फेलोशिप, म्हणजे त्यापुढचं एक-दोन वर्षांचं खास प्रशिक्षण, करायलाच हवी का, आणि करायची तर कुठे? आधी उत्तर देऊन टाकतो, मग कारणं.

एसआयसीएस (छोट्या छेदातून हाताने मोतीबिंदू काढणं) आणि फेको (अल्ट्रासाउंडच्या प्रोबने तो फोडून ओढून घेणं) दोन्ही स्वतःच्या हिमतीवर येतात, गुंतागुंत झाली तर निस्तरता येते, आणि तालुक्याच्या गावी मोतीबिंदू, चष्मे, काचबिंदूची औषधं अशीच प्रॅक्टिस करायची आहे, तर दोन वर्षं खर्च करू नका. बाकी सगळ्यांनी फेलोशिप जरूर करावी. निवडताना मात्र संस्थेचं नाव शेवटी बघा. टेबलावर केस बिघडते त्या क्षणी तुमच्या शेजारी कोण स्क्रब करून उभं असतं, हे आधी विचारा.

मेडिसिन-सर्जरीवाल्यांना नीट-एसएस ही अतिविशेष शाखांची प्रवेश परीक्षा देऊन तीन वर्षांचं डीएम किंवा एमसीएच करता येतं. आपल्या शाखेत बहुतेकांची वाट फेलोशिपचीच. तिचे प्रकार नीट समजून घ्या. एनबीईएमएस या राष्ट्रीय परीक्षा मंडळाची व्हिट्रिओ-रेटिनल सर्जरीतली (डोळ्याच्या पडद्याची शस्त्रक्रिया) एफएनबी ही फेलोशिप दोन वर्षांची आहे, तिला वेगळी प्रवेश परीक्षा असते आणि शेवटी राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे फेलोशिप अभ्यासक्रम मान्यताप्राप्त संस्थांमध्ये चालतात. तिसरा प्रकार संस्थांच्या स्वतःच्या फेलोशिपचा: मदुराईचं अरविंद (1976), चेन्नईचं शंकर नेत्रालय (1978), हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद (1987), पुण्यात ह. वि. देसाई. इथलं प्रमाणपत्र त्या संस्थेचं असतं, पण व्यवसायात त्याचं वजन मोठं आहे. एफआयसीओ आणि एफआरसीएस या परदेशातल्या संस्थांच्या पात्रतांची गल्लत यात करू नका. त्या परीक्षा आहेत. अभ्यास पक्का होतो, हात तयार होत नाही.

जाहिरातीत केसेसचा आकडा ठळक लिहिलेला असतो, आणि सगळे त्यालाच भुलतात. 'तीनशे फेको' म्हणजे पहिल्या छेदापासून शेवटपर्यंत तीनशे, की कुणी रेक्सिस केला (भिंगाच्या पिशवीला पुढून गोल छिद्र पाडलं), कुणी न्यूक्लियस (भिंगाचा कडक गाभा) काढला आणि तुम्ही लेन्स बसवून व्हिस्को (डोळ्यात भरलेलं चिकट जेल) धुतलात असे तीनशे? शिकवण्याची योग्य पद्धत उलट्या क्रमाचीच आहे. आधी व्हिस्को धुणं आणि लेन्स, मग कॉर्टेक्स (गाभ्याभोवतीचा मऊ थर), मग न्यूक्लियस, आणि रेक्सिस बऱ्याच उशिरा. त्यामुळे पहिल्या महिन्यांत अर्धवट केसेस मिळणं वाईट नाही. सहाव्या महिन्यातही तेच चालू असेल तर वाईट आहे. सध्याच्या फेलोला फोन करून लॉगबुकात 'स्वतंत्र' आणि 'सहायक' अशा वेगळ्या नोंदी आहेत का विचारा. एका कन्सल्टंटमागे किती फेलो आहेत, तेही विचारा. चौघं असतील तर तुमच्या वाट्याला बहुतेक वेळा ऑब्झर्वरचा मायक्रोस्कोपच येणार.

शेजारी कोण, या प्रश्नावर एवढा भर का, ते एका उदाहरणाने सांगतो. फेको चालू असताना अँटिरिअर चेंबर (कॉर्नियामागची पोकळी) अचानक खोल होतो, बाहुली क्षणभर मोठी होते, आणि न्यूक्लियसचा तुकडा प्रोबच्या टिपकडे येईनासा होतो. पोस्टिरिअर कॅप्सूल, म्हणजे भिंगाच्या पिशवीची मागची भिंत, फाटल्याची ही खूण. घाबरलेला नवशिका पहिली गोष्ट करतो ती म्हणजे प्रोब झटकन बाहेर ओढतो. दाब गेला की चेंबर कोसळतो, फट मोठी होते आणि व्हिट्रिअस (डोळ्याच्या मागच्या भागातलं जेलीसारखं द्रव्य) पुढे येतं. करायचं असतं ते नेमकं उलट: फेको थांबवायचं, पॅडलवरचा पाय पहिल्या पोझिशनवर म्हणजे फक्त इरिगेशनवर (आत द्रव सोडण्यावर) ठेवायचा, प्रोब आतच राहू द्यायचा, दुसऱ्या हाताने साइडपोर्टमधून (बाजूच्या छोट्या छेदातून) व्हिस्को भरायचं, मग पॅडल सोडून प्रोब काढायचा. त्यानंतर ट्रायमसिनोलोनने व्हिट्रिअस रंगवून अँटिरिअर व्हिट्रेक्टोमी, म्हणजे पुढे आलेलं व्हिट्रिअस कापून काढणं. रेक्सिस शाबूत असेल तर तीन-पीस लेन्स सल्कसमध्ये (आयरिस म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्यामागच्या खाचेत) बसते. सिंगल-पीस ॲक्रिलिक तिथे ठेवायची नाही, ती आयरिसवर घासत राहते आणि डोळ्यात दाह, रक्त आणि दाब सुरू होतो.

पुस्तकात हे दोन परिच्छेदांत आहे. प्रत्यक्ष टेबलावर चार-पाच सेकंदांत ठरवायचं असतं. ज्या संस्थेत कॅप्सूल फाटली की कन्सल्टंट तुम्हाला उठवून स्वतः बसतात, तिथून तुम्ही चांगले आकडे घेऊन बाहेर पडाल आणि स्वतःच्या ओटीत पहिल्याच अवघड डोळ्याला अडकाल. जिथे ते शेजारी थांबून तुमच्याकडूनच व्हिट्रेक्टोमी करून घेतात, ती जागा निवडा, मग तिचं नाव लहान असलं तरी चालेल. (रुग्णाच्या बाजूनेही हेच सुरक्षित आहे. निष्णात माणूस हाताच्या अंतरावर असतो.)

रेटिनाला (डोळ्याच्या पडद्याच्या उपशाखेला) जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. तिथे इनडायरेक्ट ऑप्थॅल्मोस्कोपीने (डोक्यावरचा दिवा आणि हातातली लेन्स वापरून) पडदा बघताना स्क्लेरल इंडेंटेशन करून, म्हणजे डोळा बाहेरून हलकेच दाबून कडा नजरेत आणून, चित्र काढायची शिस्त अजून आहे का? रुग्ण आडवा, 20 डी लेन्स एका हातात, डिप्रेसर दुसऱ्यात, आणि कागद उलटा ठेवून काढलेलं चित्र. जागेवरचा पडदा लाल, सुटलेला निळा, भोक लाल आणि त्याला निळी किनार. वाइडफिल्ड कॅमेरा आल्यापासून बरेच फेलो हे टाळतात. पुढे कॅमेरा नसलेल्या गावी बसावं लागतं आणि अगदी कडेची फाट नजरेतून सुटते. ऑपरेशन करूनही पडदा पुन्हा सुटण्याचं, न दिसलेली फाट हे एक नेहमीचं कारण आहे. मेडिकल रेटिनाचं (मोठ्या शस्त्रक्रियेविना पडद्यावरचे उपचार) एक वर्ष करणाऱ्यांनाही हे तितकंच लागू, कारण अपुऱ्या दिवसांच्या बाळांची आरओपी (त्यांना होणारा पडद्याचा आजार) तपासणी त्यांच्याकडेच येते. 34 आठवड्यांच्या आत जन्मलेलं किंवा 2000 ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं बाळ जन्मानंतर 30 दिवसांत तपासायला हवं, अगदी लहान बाळ त्याहूनही आधी. जिल्ह्याच्या ठिकाणी ही तपासणी करणारा माणूस मिळणं कठीण असतं, म्हणून या कामाला मी फार मानतो.

कागदपत्रांकडे वळू. सरकारी कॉलेजातून पीजी केलं असेल तर एक वर्षाच्या बंधपत्रित सेवेचा हिशेब आधी लावा. फेलोशिप मध्येच सोडून रुजू व्हावं लागलं तर दोन्हीकडे नुकसान. तमिळनाडू किंवा तेलंगणात जायचं तर तिथल्या मेडिकल कौन्सिलची नोंदणी लागते, आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या ना-हरकत पत्राला वेळ लागतो. निवड झाली त्याच आठवड्यात अर्ज टाका. नेमणूकपत्रात फेलोशिपनंतर किती महिने तिथेच नोकरी करायची, मध्ये सोडल्यास किती रक्कम भरायची आणि मूळ प्रमाणपत्रं कुणाच्या ताब्यात राहणार, हे तीन मुद्दे वाचल्याशिवाय सही करू नका.

भाषेची भीती बाळगू नका, पण तयारी करून जा. ओपीडीचं काम पन्नासेक वाक्यांत भागतं. मदुराईत 'मेले पारुंग' म्हणजे वर बघा, 'कीळे पारुंग' म्हणजे खाली बघा. हैदराबादेत 'पैकि चूडंडि', 'किंदिकि चूडंडि'. रुग्णाने वेळेवर वर बघितलं नाही तर इंडेंटेशन होतच नाही, म्हणून ही वाक्यं जाण्यापूर्वीच पाठ करा.

एक-दोन महिन्यांचे फी घेऊन चालणारे फेको कोर्स ज्यांचा एसआयसीएसचा हात बसलेला आहे त्यांना उपयोगी पडतात. रेक्सिस अजून धावत (छिद्र भलतीकडे फाटत) असेल तर आधी वेटलॅबमध्ये (सरावाच्या प्रयोगशाळेत) बकऱ्याच्या डोळ्यांवर वेळ द्या, नाहीतर मोजून मिळालेल्या केसेस त्यातच संपतील.

परत आल्यावर लगेच कर्ज काढून व्हिट्रेक्टोमीचं मशीन घेऊ नका. पहिलं वर्षभर ज्यांच्याकडे मशीन आहे अशा दोन-तीन हॉस्पिटलांत व्हिजिटिंग करा. महिन्याला किती पडदे येतात ते कळेल, त्यावरून मशीनचा हप्ता परवडतो का ते ठरवता येईल.