दारावरच्या लाल रेघा : आमची वाटचाल

आमच्या ट्रॅव्हल ऑफिसच्या आतल्या दाराला बारा वर्षं रंग दिलेला नाही. दर दिवाळीला रंगारी विचारतो, दर दिवाळीला मी नको म्हणतो. चौकटीवर जमिनीपासून १०२, १२२ आणि १२५ सेंटिमीटरवर तीन लाल रेघा आहेत. सिंगापूरच्या युनिव्हर्सल पार्कला जो पॅक्स (म्हणजे प्रवासी) घेऊन गेलाय त्याला हे आकडे सांगावे लागत नाहीत. तिथल्या राइडमध्ये बसायला लागणारी ही किमान उंची: १०२ ट्रान्सफॉर्मर्स, १२२ ममी, १२५ गॅलॅक्टिका. बुकिंगला आलेलं प्रत्येक मूल आधी दाराला पाठ लावून उभं राहतं, बूट काढून. डोक्यावर फूटपट्टी आडवी, पेन्सिलीची रेघ, पुढे नाव आणि तारीख. आईबाप म्हणतात, "अहो, दोन सेंटिमीटरनी काय होतंय?" काय होतं ते मी पाहिलंय. तासभर रांगेत उभं राहून तोंडाशी आलेलं पोर परत फिरतं, आणि मग उरलेला दिवस अख्ख्या ग्रुपचा जातो.

सुरुवात २००८ ला नाशिकरोडला, रेल्वे तिकिटांपासून. मग अष्टविनायक, केरळ, थायलंड, मग शाळांच्या सुट्ट्यांतल्या पार्क टूर. ती वर्षं बरी गेली, त्यांत सांगण्यासारखं काही नाही.

२०१९ चं मात्र सांगायला हवं, कारण पुढच्या सगळ्याचं मूळ माझ्या हावेत आहे. हाँगकाँगला तेव्हा आंदोलन पेटलं होतं, टुरिस्ट आटले होते आणि हॉटेलांचे रेट धाडकन खाली आले होते. सगळे एजंट हात आखडून बसले असताना मी म्हटलं, मे महिन्यापर्यंत निवळेल. चौतीस सीट एकगठ्ठा राखून घेतल्या, डिपॉझिट भरलं, तिथल्या डीएमसीला (आपल्या ग्रुपची तिकडची सगळी व्यवस्था बघणारी स्थानिक कंपनी) अर्धे पैसे पाठवले. सौ. म्हणाली होती, स्वस्त म्हणून घेऊ नका. ती व्हिसाच्या फायली बघते. तिचा फोटो कटर पस्तीस बाय पंचेचाळीसचा फोटो असा कापतो की कडेला पांढरी रेघ राहत नाही. फाइल असो की धंदा, तिची नजर कडेवर असते. माझी नसते.

त्या चौतिसांत अकरा जण निफाडच्या काकांचे होते. काका आमचे २०११ पासूनचे. द्राक्षबाग, दोन मुलगे, सुना, नातवंडं. जानेवारी ते मार्च तोडलेल्या घडांच्या क्रेट मोजायच्या आणि एप्रिलअखेर माझ्याकडे येऊन म्हणायचं, "भाऊ, यंदा कुठे?" डिसेंबर २०१९ मध्ये त्यांची नात दाराला उभी राहिली तेव्हा ९७ भरली. नातू दहा वर्षांचा, तो १२५ च्या वर कधीच गेला होता.

२६ जानेवारी २०२० ला हाँगकाँग डिस्नीलँड आणि ओशन पार्क दोन्ही बंद झाले. सकाळी झेंडावंदनाहून आलो आणि डीएमसीचा मेसेज पाहिला. फेब्रुवारीत काका म्हणाले, सिंगापूरला वळवू. वळवलं. म्हणजे एका जागी अडकलेले पैसे तिथेच ठेवून दुसरीकडे नवे अडकवले. १३ मार्चपासून आपल्याकडे परदेशी लोकांचे बहुतेक व्हिसे स्थगित, २३ मार्चच्या रात्रीपासून सिंगापूरने अल्पमुदतीच्या सगळ्या पाहुण्यांना दार लावलं. २५ मार्चला पाडवा. आमच्या धंद्यात पाडवा म्हणजे उन्हाळ्याच्या बुकिंगचा शेवटचा मोठा दिवस. रिकाम्या हाताने कोणी येत नाही. त्या पाडव्याला लॉकडाउनचा पहिला दिवस होता. गुढी बाल्कनीत उभारली, आणि ऑफिसच्या फोनचे कॉल मोबाइलवर वळवून घेतले होते ते वाजायला लागले.

वहीत आकडा होता त्रेचाळीस लाख. एवढे पैसे लोकांचे माझ्याकडे आलेले, आणि माझ्याकडून एअरलाइन, हॉटेल, डीएमसी यांच्याकडे गेलेले. लोकांना वाटतं एजंटच्या गल्ल्यात पैसे असतात. एजंटच्या गल्ल्यात पावत्या असतात.

एप्रिलमध्ये काकांचा फोन आला. माझी छाती धडधडली, कारण त्यांचा माल बागेत लटकलेला मला ठाऊक होता. निर्यात अडली, व्यापारी फिरकत नव्हते. ते म्हणाले, "घड उतरवून बेदाणा टाकलाय. तुमचे पैसे असू द्या तिकडे, पण पोरीला डिस्नी दाखवायचंय हे लिहून ठेवा." मी वहीत खरंच लिहिलं. जूनमध्ये दहा किलो बेदाणा घरपोच आला. आम्ही दोन वर्षं शिऱ्यात घालत होतो.

आता एका दुसऱ्या माणसाबद्दल. आमच्याच रांगेतला चौथा गाळा. नाव घेत नाही. माझ्याच टेबलावर तीन वर्षं बसून ग्रुपच्या नावांची यादी लावायला शिकलेला. मे २०२० मध्ये सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरला की आम्ही गाशा गुंडाळतोय, ज्यांचे पैसे आहेत त्यांनी ताबडतोब काढून घ्यावेत. कुठून निघाला ते मला पहिल्या दिवशी कळलं, कारण त्यात 'डिपार्चर' हा शब्द त्याच्या नेहमीच्या पद्धतीने चुकीचा लिहिला होता. एका दिवसात अठ्ठेचाळीस फोन. एका मास्तरांनी, ज्यांना मी तीनदा फिरवून आणलंय, फोनवर "तुमच्या मुलांच्या डोक्यावर हात ठेवून सांगा" असं म्हटलं. ते शब्द अजून कानात आहेत.

ऑगस्टमध्ये चौथ्या गाळ्यातल्या त्याच गृहस्थांनी व्हाउचर विकायला काढली: आज निम्मे भरा, कधीही कुठेही जा. जगात एक विमान धड उडत नव्हतं आणि हा माणूस 'कधीही' विकत होता. लोकांनी घेतली! २०२१ च्या उन्हाळ्यात चौथ्या गाळ्याचं शटर खाली आलं. चार जण ती व्हाउचर घेऊन माझ्याकडे आले. मी ती मानली नाहीत. नातेवाइकांत बोललं गेलं की मन मोठं करायला हवं होतं. मन मोठं करायला बँकेत शिल्लक लागते.

आमच्या शिलकेचं म्हणाल तर टेम्पो ट्रॅव्हलर विकली, सौ.च्या पाटल्या बँकेत गेल्या. १ ऑक्टोबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, विमान कंपन्यांनी परतावा द्यावा, नाहीतर ३१ मार्च २०२१ पर्यंतचं क्रेडिट शेल (पुढच्या तिकिटाला वापरता येणारी जमा रक्कम) द्यावं. आणि त्याच तारखेपासून परदेशी टूर पॅकेजवर पाच टक्के टीसीएस (विकणाऱ्याने गिऱ्हाइकाकडून आधीच गोळा करायचा कर) लागू झाला. गिऱ्हाईक नाही आणि त्याच्यावरचा कर हजर. परतावे मी सगळे दिले, हप्त्याहप्त्याने दिले, मास्तरांना पहिल्या आठवड्यात दिले. सगळ्या पावत्या वहीत चिकटवलेल्या आहेत, कोणीही येऊन बघावं.

नव्याने धंद्यात येणाऱ्यांना न विचारता सांगतो. गिऱ्हाइकाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा आणि त्या खात्याचं चेकबुक बायकोकडे द्या. व्हिसा हातात येईपर्यंत तारखेचं पार्क तिकीट काढू नका. 'गॅरंटीड' हा शब्द जाहिरातीत घालू नका, डिझायनर कितीही सुबक करून देवो.

दिवाळी २०२१ ला दुबईची एक छोटी टूर धरली, चौदा पॅक्स. दिवसभर आयएमजीचं इनडोअर पार्क, एक दिवस एक्स्पो हे जागतिक प्रदर्शन. अठ्ठेचाळीस तासांच्या आतला आरटीपीसीआर क्यूआर कोडसह, वर विमानतळावर उड्डाणाआधी सहा तासांच्या आत रॅपिड पीसीआर. मुंबईला सगळ्यांचे नमुने दिले आणि खुर्च्यांवर चकल्या खात बसलो. तेरा निगेटिव्ह आले, एक पॉझिटिव्ह. दोन लेकरांचा बाप. आदल्या दिवशीचा त्याचा रिपोर्ट निगेटिव्ह होता. कोणीच काही बोललं नाही. त्याने तिथेच फरशीवर आपली बॅग उघडली, मुलांचे पोहण्याचे कपडे आणि बायकोची थायरॉइडची गोळी तिच्या बॅगेत घातली, तिच्या बॅगेतला आपला दाढीचा डबा काढून घेतला, चेन लावली. मग धाकटीला म्हणाला, "मला फोटो पाठव हं." त्याला नाशिकच्या गाडीत बसवून मी विमानात चढलो. दोन दिवसांनी त्याची पुन्हा तपासणी झाली, ती निगेटिव्ह. त्याच्या पार्क तिकिटाचे पैसे मी खिशातून दिले. तिकडचे लोक ऐकेनात, आणि मला त्या बॅगेचं दृश्य विसरता येईना.

२७ मार्च २०२२ ला आंतरराष्ट्रीय विमानं नियमित सुरू झाली, १ एप्रिलला सिंगापूरने लस घेतलेल्यांना सरसकट दार उघडलं. काका दुसऱ्याच दिवशी आले. हाँगकाँग अजून कोणाला धड घेत नव्हतं, तेव्हा डिस्नीचं युनिव्हर्सल करून घेतलं. मग महिनाभर कागदांचा छळ. काकूंच्या कोविन सर्टिफिकेटवर आधारचं नाव, पासपोर्टवर माहेरच्या पद्धतीचं. तेव्हा दुरुस्तीची एकच संधी असायची, ती त्यांच्या मुलाने जन्मतारखेसाठी आधीच वापरून टाकली होती. सौ.ने ते कसं सोडवलं हे ती मलाही सांगत नाही.

नात दाराला उभी राहिली. ११५. ९७ ची जुनी रेघ तिच्या खांद्याशी आली. नातवाला मात्र मध्यंतरी बारा वर्षं पूर्ण झालेली. विमानात बारा म्हणजे पूर्ण भाडं, युनिव्हर्सलमध्ये बारापर्यंत चाइल्ड. काकांना ते पटेना. "हा पोरगा आकाशात मोठा आणि खाली उतरला की लहान, असं कसं?" दोन वर्षांत एकदाही पैसे न मागणारा माणूस त्या भाड्याच्या फरकावर माझ्याशी पाऊण तास भांडला.

१२२ च्या खालच्या मुलाबरोबर मोठं माणूस बसावं लागतं. ट्रान्सफॉर्मर्सला सुनांनी माना फिरवल्या, मुलगे नातवाबरोबर ममीकडे पळाले. शेवटी काका बसले, टोपी मांडीखाली दाबून. बाहेर आले तेव्हा पोरगी पुन्हा चला म्हणत होती आणि काका रेलिंग धरून उभे होते. मला म्हणाले, "भाऊ, पुढच्या वेळी अष्टविनायक."

पुढच्या वर्षी जपान केलं त्यांनी. नातवाच्या भाड्याचा फरक चार हजार सहाशे, वहीत अजून येणे आहे.