दारातून न जाणारी चौकट

घरी बेदाणा करायचं खूळ माझ्या डोक्यात कुठनं शिरलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. सांगलीत राहून घरी बेदाणा करणं म्हणजे बेकरीच्या वर राहून घरी पाव भाजण्यातला प्रकार. इथं मार्केट यार्डात बेदाण्याचे सौदे निघतात, तासगाव-कवठेमहांकाळकडं गेलं की रस्त्याकडेला नुसती शेडं दिसतात, २०१६ साली सांगलीच्या बेदाण्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, पण मिळालाय, आणि नात्यात कुणाची ना कुणाची बाग असतेच त्यामुळं पिशवीभर फुकटात घरी येतो. पण मार्चमध्ये मामाकडं गेले होते, तिथं शेडमध्ये जाळ्यांवर जाळ्या आणि त्यावर पसरलेले हिरवे घड बघितले आणि वाटलं की ह्यात अवघड काय आहे, वाळवायचंच तर आहे, पापड वाळवतोच की आपण.

मामानं क्रेटमधनं १० किलो सोनाका जातीची द्राक्षं दिली. वर बारक्या बाटलीत डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटची पुडी द्यायला लागला, लिटरला १५ मिली हे आणि २५ ग्रॅम ते, त्यात घड बुडवायचे आणि काढायचे. मी म्हटलं नको मामा, घरचं करायचंय तर केमिकल कशाला. मामा माझ्याकडं बघत बसला.

"आगं येडे, द्राक्षाच्या सालीवर मेन असतंय. त्ये सुटल्याबिगर आतलं पानी भाईर यायचं कुठनं?"

मी हसून सोडून दिलं. (ही पहिली चूक. लिहिताना क्रमानं लिहितेय, करताना सगळ्या एकदमच झाल्या.)

आता जाळी. शेडसारखी हवा खालून पण लागली पाहिजे म्हणून लाकडाची चौकट करून त्याला मच्छरदाणीची जाळी मारायची असं ठरलं. नवरा म्हणाला सुताराला सांग, दोनशे रुपयात होईल. पण मी मोबाईलवर तीन व्हिडिओ बघितले होते ना. वखारीतनं पट्ट्या आणल्या, करवत शेजारनं, स्टेपल मारायचं मशीन नवीन घेतलं, सगळं मिळून ८५० रुपये गेले आणि तेवढ्यात दोन-तीन किलो तयार बेदाणा आला असता हा हिशोब सासूबाईंनी लगेच करून दाखवला. चार बाय तीनची चौकट. चारी कोपऱ्यात खिळे मारून उभी केली तर ती पतंगासारखी एका बाजूला कललेली. अपार्टमेंटखाली एक सुतारकाका कुणाच्यातरी किचनचं काम करत होते, त्यांना दाखवली, तर त्यांनी काटकोन तपासायचा गुण्या वगैरे काही काढलाच नाही, खिशातनं सुतळी काढली, एका कोपऱ्यातनं समोरच्या कोपऱ्यापर्यंत धरली, मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांना धरली, आणि म्हणाले दोन्हीकडनं सारखी भरली की काटकोन झाला म्हणायचा. तुमच्यात चार बोटाचा फरक आहे. मग दोन बुक्क्या मारल्या, परत सुतळी धरली, सरळ. भूमिती मी शाळेत तीन वर्षं केली, कर्ण वगैरे सगळं पाठ होतं, पण ते असं खिशात ठेवायचं असतं हे कुणी सांगितलंच नव्हतं.

द्राक्षं खुडायला बसले. एकेक मणी तोडून पाटीत, दुपारभर दोन किलो झाली आणि पाठ गेली कामातनं, म्हणून बाकीचे घड तसेच ठेवले. मेणाचं म्हणाल तर पाणी उकळून त्यात मिनिटभर बुडवायची असं कुठंतरी वाचलेलं, बुडवली, फोन आला, चार मिनिटं झाली. ती खेप शिजलीच. ती मुरंबा म्हणून खाल्ली आम्ही, वाईट नव्हता.

उरलेली नीट उकळत्या पाण्यातनं काढून गच्चीवर जाळीवर पसरली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर मुंग्यांची जत्रा. सगळ्या खुडलेल्या मण्यांवरच होत्या, घडांकडं एक फिरकली नव्हती. मामाला फोन केला तर म्हणाला, मनी वढून काढला की देठाजवळ भोक पडतंय, त्यातनं रस गळतोय, म्हनून घड मोडायचा नसतो. म्हणजे जिथं मी मन लावून कष्ट केले तिथं माती आणि जिथं कंटाळा केला तिथं ठीकठाक.

पण खरी गंमत पाचव्या दिवशी. आमच्याकडं मार्च-एप्रिलला अवकाळी कधी येईल सांगता येत नाही, बागायतदार त्या दिवसात आभाळाकडं बघूनच जेवतात, आता मी पण बघायला लागले होते. साडेचारला पूर्वेकडनं काळं झालं, वारं सुटलं, मी आणि पोरगी धावत गच्चीवर, चौकट उचलली, दाराशी आलो आणि थांबलो. दार अडीच फुटाचं. आडवी जाईना, आणि उभी केली तर द्राक्षं खाली. मी पट्ट्या मोजल्या होत्या, जाळी मोजली होती, कर्ण सुद्धा मोजले होते. शेवटी दाराच्या आतल्या बाजूला पोरगीनं सासूबाईंची नऊवारी झोळीसारखी धरली आणि मी बाहेरनं चौकट तिरकी करून सगळं त्यात ओतलं, निम्मं भिजलं, निम्मं जिन्यावर.

त्या गडबडीत आणखी एक कळलं. जाळी मी ताणून मारलीच नव्हती, त्यामुळं वजनानं मधोमध पोट सुटलेलं आणि सगळे घड घरंगळत तिथंच गोळा झालेले. कडेचे सुरकुतलेले आणि मधले ओले, खालच्या दोन-तीन घडांना पांढरी बुरशी. तोवर मला वाटत होतं की सुतारकाम वेगळं आणि बेदाणा वेगळा, एक कच्चं राहिलं तरी दुसरं होईल. स्टेपल मारताना माझ्या अंगठ्यानं जो आळस केला तो पाचव्या दिवशी द्राक्षात उगवला.

जाळी उलटी करून परत मारली, ह्यावेळी पोरगी ओढून धरायला. शेडमध्ये सावलीत वाळवतात म्हणून त्यांचा बेदाणा हिरवा राहतो, पिवळा हवा असेल तर गंधकाची धुरी देतात. माझा गच्चीवरच्या थेट उन्हात, त्यामुळं काळपट चॉकलेटी झाला. साधारण चार किलोला एक किलो बसतो म्हणतात, म्हणजे अडीच किलो यायला हवा होता. एकविसाव्या दिवशी तागडीवर घातला तर ९०० ग्रॅम.

मामा कामासाठी सांगलीला आला तेव्हा बरणी पुढं केली. त्यानं एक दाणा घेतला, अंगठ्यानं दाबला, कानाजवळ नेला (कशाला ते विचारायचं राहिलं), तोंडात टाकला.

"ग्वाड हाय. पर आत पानी हाय अजून. फ्रीजात ठेव."

पाडव्याला सासूबाईंनी त्यातला मूठभर शिऱ्यात घातला. घडावरनं काढताना बारीक देठ काढून टाकायचे असतात, चाळून पाखडून, ते मी केलंच नव्हतं आणि मला कुणी विचारलं पण नव्हतं. सगळे गप्प जेवत होते. मधेच नवरा तोंडात बोट घालून काहीतरी काढायचा आणि ताटाच्या कडेला ठेवायचा. मग सासूबाई. मग पोरगी. मीठ आणि लिंबाच्या मधे बारक्या काड्यांची रांग लागली, आणि पोरगी म्हणाली, "मम्मी, माझे अकरा झाले, तुझे किती?"