काय बे?

पुण्या-मुंबईचं कुणी भेटलं की गप्पांत कुठेतरी हा प्रश्न येतोच: तुम्ही नागपूरचे लोक सारखं 'काय बे, काय बे' करता, ती शिवी आहे का? आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

शिवी नाही. पण कुणालाही लावावा असा शब्दही नाही. नागपूरच्या बर्डी बाजारातल्या पानठेल्यावर दोन दोस्त भेटले की एक म्हणणार, "काऊन बे, दिसला नाही इतके दिवस?" दुसरा म्हणणार, "अबे, गावाले गेल्तो ना बे." तेवढ्यात दोस्ताचे वडील आले की 'बे' गिळायचं आणि 'काय जी काका' म्हणायचं. बाईमाणसाला 'वो'. दोस्तांचं बिनसलं की आधी 'बे' जातं आणि 'तुम्ही' येतं. आमच्याकडे खरा अपमान तो.

नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी होतं, त्यामुळे हिंदीतलं 'अबे' आम्हाला परकं वाटत नाही. पण गुजराती माणसाला 'बे' म्हणाल तर तो दोन बोटं दाखवेल. त्यात आपणही हसायला नको. मोजताना आपण 'दोन' म्हणतो आणि पाढ्यात 'बे एके बे'. संस्कृत 'द्वि'मधला द गळाला, व चा ब झाला. बारा, बावीस, बत्तीस, बेचाळीस, सगळ्यांत तोच ब. लॅटिनमध्येही 'दुइस'चं 'बिस' झालं, म्हणजे दोनदा. उर्दू वर्णमालेत 'बे' हे दुसरं अक्षर आणि अक्षरांना आकडे देणाऱ्या अबजद मोजणीत त्याची किंमतही दोन! पण गुजरातीच्या 'बे'शी त्याचं काही देणंघेणं नाही. त्या अक्षराचं मूळ नाव घरावरून पडलेलं. फारसीतलं 'बे' तर आपण केव्हाच घरात घेतलं: बेपत्ता, बेवारस, बेशिस्त.

मला सगळ्यात गंमत वाटते तुर्कीची. पटणार नाही असं काही ऐकलं की तुर्की माणूस म्हणतो, 'हादी बे!' म्हणजे सरळ 'चल बे!' अर्थ तोच, सूरही तोच. शेजारच्या बल्गेरियनमध्ये 'कक्वो बे?' म्हणजे 'काय बे?', आणि बाईसाठी तिथेही वेगळा शब्द, 'मा'. एवढं जुळल्यावर नागपुरातलं सक्करदरा ते इस्तंबूल असं नातं जोडायचा मोह होतो. पण हा आवाज केवढासा! ओठ मिटून उघडले की झाला. असे आवाज प्रत्येक भाषेला फुकटात मिळतात, आणि जी ती आपल्या सोयीनं वापरते. त्यावर वंशावळ उभी करू नये.

तुम्ही नागपुरात आलात तर आपणहून 'बे' म्हणू नका. समोरच्यानं आधी म्हटलं, आणि तो तुमच्या वयाचा असला, तर खुशाल म्हणा. ऑटोवाल्याला मात्र भाडं ठरवताना अजिबात नको.