कापूस कोंबून चालत नाही का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तुम्ही पहिल्या नाही, दर महिन्याला कोणी ना कोणी विचारतंच. आम्ही चार-सहा जणी क्रोशाच्या सुया घेऊन बसलेल्या दिसतो, कॅन्सरच्या गाठीच्या ऑपरेशनमध्ये एका बाजूची छाती काढलेल्या बायकांसाठी, त्या जागी ब्लाउजमध्ये ठेवायची सुती उशी विणतोय हे कळतं, आणि मग येतंच: "त्यात मापं काय घ्यायची? घरचा कापूस कोंबला ब्लाउजमध्ये तर चालत नाही का?"

नाही चालत. गादी पिंजायला का देतो आपण? कापूस घाम पितो, दबतो, त्याचे गोळे होतात. गादीला दोन वर्षं लागतात, ब्लाउजमधल्या कापसाला दोन दिवस. शिवाय तो जागेवर राहत नाही. बाई वाकली की काखेकडे सरकतो, आणि मग चारचौघांत तिचा हात सारखा तिकडेच. म्हणून बाहेरून मऊ सुती दोरा. लोकर नाही, ती वणाला टोचते. आत रेक्रॉन, उशीत भरतात तेच. धुतलं तरी परत फुगतं. माप बाईला बसवून घ्यायचं. झोपवून घेतलं तर दुसरी बाजू पसरलेली असते आणि उशी रुंद, चपटी होते. जखम पूर्ण भरेपर्यंत तर मापच घ्यायचं नाही, कारण सूज उतरली की ते बदलतं. तोवर बाईला लागते ती वेगळीच वस्तू: ड्रेनच्या, म्हणजे जखमेतलं पाणी नळीवाटे ज्यात साठतं त्या, डब्यासाठी गळ्यात अडकवायची कापडी पिशवी. डबा लोंबता राहिला की नळी टाक्यापाशी ओढली जाते. ही पिशवी शिवायला अर्धा तास पुरतो, पण ती सहसा कोणी देत नाही.

खरी अडचण वजनाची. विणलेली उशी भरून ५० ग्रॅमच्या आसपास. दुसऱ्या बाजूचं वजन त्याच्या कितीतरी पट. हलकी बाजू वर चढते, ब्लाउजचा गळा तिरका होतो. मग वजन घाला की, असं तुम्ही म्हणाल. घातलं होतं.

मोहरी घातली होती. स्वस्त, गोल दाणा, हाताला मऊ. छोटी पुरचुंडी करून उशीच्या तळाशी शिवून टाकली की वजन छान बसतं. अशा काही उशा दिल्या. त्यातली एक इगतपुरीकडच्या बाईला, आषाढात. तिकडच्या पावसात दोरीवरचं लुगडं चार-चार दिवस ओलं राहतं, हे आम्हाला माहीत होतं. तरी सांगताना "धुवून वापरा" एवढंच सांगितलं. पुरचुंडी काढून धुवा असं सांगण्याचा प्रश्नच नव्हता, कारण काढता येईल अशी ती शिवलीच नव्हती. मोहरी भिजली, फुगली, मोड आले, मग कुजली. वास सुटला. आणि त्या बाईला वाटलं, वास आपल्या जखमेचा आहे. आजार परत आला, आतून सडतंय. घरात कुणाला बोलली नाही. ताट घेऊन वेगळी बसायला लागली. नातवाला जवळ घेईना. असे दोन आठवडे. तपासणीच्या तारखेला सिस्टरनं उशी उसवली तेव्हा आत पिवळट लगदा. जखम कोरडी, खडखडीत. बाई रडली नाही. "तुम्ही धुवून वापरा म्हणाला होतात, मी रोज धुवायची," एवढंच म्हणाली.

आता काचेचे मणी घालतो. त्यांना मोड येत नाहीत, गंज चढत नाही. त्यांची पिशवी वेगळी, बटणाची, काढून ठेवता येणारी. आणि उशी ठेवायला ब्राला आतून खिसा हवाच. पण बऱ्याच वयस्क बायका ब्रा घालतच नाहीत, त्यांना ब्लाउजच्या अस्तरातच खिसा करून द्यावा लागतो. त्याचं तोंड काखेच्या बाजूला. वर ठेवलं तर वाकताना उशी डोकावते. ब्लाउजचे हुक पुढे. त्या बाजूचा हात सुरुवातीला पाठीमागे जात नाही.

सिलिकॉनची तयार मिळते, माहितेय. काही हजार रुपये पडतात, वजन बरोबर असतं, परवडत असेल तर जरूर घ्या. मात्र ती पेलणारी नीट मापाची ब्रा लागते, आणि नाशिकच्या मे महिन्यात तिच्याखाली घामाच्या धारा लागतात. शेक, म्हणजे रेडिएशन, चालू असताना, तीन आठवडे असोत की पाच, आमचीही नको आणि तीही नको. कातडी काळवंडून सोललेली असते, तिला घासणं सोसत नाही.

प्रत्येकीनं उशी वापरावीच, असं मी ठासून सांगायचे. तोल जातो, खांदा झुकतो म्हणायचे. ते भरलेल्या अंगाच्या बाईबाबत खरं आहे, किडमिडीत बाईला फारसा फरक पडत नाही. मग मी तिच्या खांद्यासाठी बोलत होते की लग्नकार्यात बघणाऱ्यांच्या डोळ्यांसाठी? माझं अजून ठरत नाही. पण भाचीच्या हळदीला घालायला म्हणून जी उशी मागते, तिला "लोकांचं काय मनावर घेतेस" म्हणणारी तरी मी कोण?

परवा दिंडोरीकडची एक आली. काखेतल्या गाठीही काढलेल्या. तिचा एकच प्रश्न, द्राक्षाच्या थिनिंगला, म्हणजे घडातले मणी विरळ करायला, कधी जाऊ. मांडवाखाली तासन् तास हात वर, हातात कात्री. काखेतल्या गाठी काढल्या की त्या बाजूच्या हाताला साधी कात्री लागली तरी जंतू शिरून हात सुजू शकतो, आणि ती सूज मग सहजी हटत नाही. कधी जायचं ते डॉक्टरांना विचार म्हटलं. गेलीस तर हातमोजे घाल, दर थोड्या वेळानं हात खाली घे, फवारणीचा पंप त्या खांद्यावर नको. बाही दंडाला काचत होती. ती उसवली, काखेत चौकोनी तुकडा जोडून सैल करून दिली.

उशी तिनं नेली नाही. पुढच्या वेळी आणखी दोन ब्लाउज आणते म्हणाली.