बुकमार्क-भांडार: ‘विहार’ शोधलं की विहिरी का निघत होत्या?

सापडलं! मागच्या नोंदीत अडलेला मराठी शोध आता नीट चालतोय. पॉकेट या लेख साठवायच्या सेवेतून आणलेली सीएसव्ही, सिंगलफाइलने (वेबपान एकाच एचटीएमएल फाइलीत उतरवणारं ब्राउझर-एक्स्टेन्शन) साठवलेली पानं आणि मुंबईच्या पाणीपुरवठ्यावरचा सगळा संग्रह एकाच एसक्यूलाइट डेटाबेस-फाइलीत आहे. इंग्रजी शोध पहिल्यापासून चोख होता. मराठीत मात्र ‘पाणी’ टाकलं की पुणे आणि पेण दोन्ही हजर व्हायचे, आणि ‘विहार’ टाकलं की तलावाऐवजी गिरगावातल्या विहिरींचे लेख पुढे यायचे.

दोष आहे एफटीएस५ च्या, म्हणजे एसक्यूलाइटच्या मजकूर-शोधाच्या विभागाच्या, ‘युनिकोड६१’ या टोकनायझरमध्ये (मजकुराचे शब्द पाडणारा भाग). शब्दाचा भाग म्हणून तो फक्त अक्षरं आणि अंक धरतो. युनिकोडच्या हिशेबात काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार यांतलं काहीच ‘अक्षर’ नाही, या सगळ्या खुणा आहेत. म्हणून प्रत्येक खुणेपाशी शब्द तुटतो. ‘पाणी’चे तुकडे प, ण. ‘पुणे’चेही तेच आणि ‘पेण’चेही तेच. ‘विहार’ आणि ‘विहीर’ दोन्ही व, ह, र. याहून वाईट म्हणजे ‘विहारच्या’चे तुकडे व, ह, रच, य असे पडतात, त्यामुळे ‘विहार’ शोधल्यावर हवा तो लेख येतच नाही. नको ते येतं आणि हवं ते गळतं.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर एफटीएस५व्होकॅब प्रकारचं (अनुक्रमणिकेतले शब्द दाखवणारं) टेबल बनवा, ‘रो’ पर्याय द्या आणि सगळे टर्म वाचून काढा. यादीत एकेका अक्षराचे टर्म भरमसाट दिसले की समजा, तुमचीही अनुक्रमणिका अशीच तुटलेली आहे. ज्या तयार बुकमार्क-अ‍ॅपचं शोधयंत्र एफटीएस५ वर चालतं, तिथे सर्वांत आधी हेच तपासावं.

उपाय टोकनायझरच्याच ‘कॅटेगरीज’ पर्यायात आहे. मूळ यादी एल* (अक्षरं), एन* (अंक), सीओ (खासगी वापराची चिन्हं) अशी असते, तिच्यात एमएन आणि एमसी असे खुणांचे दोन्ही गट घालायचे. एकट्या एमएनने भागत नाही: उकार, मात्रा, अनुस्वार आणि पाय मोडण्याची खूण एमएनमध्ये येतात, पण काना आणि दोन्ही वेलांट्या एमसीमध्ये आहेत. टोकनायझर चालू टेबलावर बदलता येत नाही. नवं टेबल करून सगळा मजकूर पुन्हा भरावा लागतो.

इथपर्यंत आल्यावर पुणे आणि पाणी वेगळे झाले. पण ‘किनाऱ्यावर’ अजून अधूनमधून सापडत नव्हतं, कारण ते दोन प्रकारे टंकलेलं असतं. एक ऱ (यू+०९३१) वापरून, आणि दुसरं जुन्या पद्धतीने, म्हणजे र, पाय मोडण्याची खूण, मग झेडडब्ल्यूजे हे अदृश्य चिन्ह आणि य. दिसायला दोन्ही सारखेच. हे अदृश्य चिन्ह वरच्या कुठल्याच गटात बसत नाही, म्हणून तिथे पुन्हा तुकडा पडतो: ‘किनार्’ आणि ‘यावर’. एनएफसी (एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या लेखनांना एक रूप देणारी युनिकोडची प्रक्रिया) चालवूनही ही दोन रूपं एक होत नाहीत. तीच गत ॲ ची. ‘ॲप’ एका अक्षरात (यू+०९७२), अ वर चंद्र देऊन, किंवा ऍ वापरून, असं तिन्ही प्रकारे वेबवर सापडतं आणि एनएफसी त्यांना हात लावत नाही.

म्हणून सफाईचा क्रम असा ठेवलाय: आधी एनएफसी, मग ‘र् + झेडडब्ल्यूजे’ची जागा ‘ऱ्’ने घ्यायची, मग उरलेले झेडडब्ल्यूजे आणि झेडडब्ल्यूएनजे (तसंच दुसरं अदृश्य चिन्ह) काढायचे, मग तिन्ही ॲ एक करायचे. क्रम उलटा केला तर ऱ् ओळखायची खूणच आधी पुसली जाते. सिंगलफाइलची मूळ एचटीएमएल फाइल न बदलता तशीच राहते. सफाई फक्त काढून घेतलेल्या मजकुराची.

यापुढचं दुखणं खास आपल्या भाषेचं आहे. शोधायचा आहे ‘पूल’ आणि लेखात असतं ‘पुलावर’. विहीर, पण विहिरीत. ऊस, पण उसाचा. सामान्यरूपात उपान्त्य दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो, त्यामुळे ‘पूल*’ असा उपसर्गशोधही हात हलवत परत येतो. आता अनुक्रमणिकेसाठी ी चा ि, ू चा ु, ई चा इ, ऊ चा उ करतो आणि शोधशब्दालाही त्याच फंक्शनमधून नेतो. सोबत १८६० आणि इंग्रजी अंकांतलं तेच साल (1860) एक केलंय, कारण विहार (१८६०), तुळशी (१८७९) आणि तानसा (१८९२) यांची माहिती अर्धी मराठी आणि अर्धी इंग्रजी पानांत आहे. दिन-दीन, शिर-शीर असे काही शब्द यात एक होतात. बुकमार्कांच्या संग्रहात ते चालून जातं.

इथली एक गोष्ट फार समाधान देऊन गेली. ऱ्हस्व-दीर्घ एक करणं आणि अंक बदलणं, दोन्हींत एका चिन्हाच्या जागी एकच चिन्ह येतं. त्यामुळे शोधाच्या मजकुरातली बाराव्या चिन्हाची जागा साफ केलेल्या मजकुरातही बारावीच राहते. हायलाइटच्या खुणा सरळ तिथे नेता येतात आणि वाचणाऱ्याला शुद्धलेखन जसंच्या तसं दिसतं. फक्त मोजणी कोडपॉइंटमध्ये (युनिकोडच्या एकेका चिन्हाने) करा, बाइटमध्ये नको: यूटीएफ-८ मध्ये देवनागरी अंक तीन बाइट घेतो, इंग्रजी अंक एकच.

तीन-तीन चिन्हांचे तुकडे पाडणारा ट्रायग्रॅम टोकनायझर (एसक्यूलाइट ३.३४ पासून, डिसेंबर २०२०) वापरा असं अनेक जण सुचवतात. तो मात्रांपाशी तोडत नाही हे खरं, पण तीन चिन्हांपेक्षा लहान शब्द त्याला शोधता येत नाही. ‘नळ’, ‘कर’, ‘घर’ गेले. पाण्याच्या संग्रहात ‘नळ’ सापडत नसेल तर तो टोकनायझर काय कामाचा?

पुढची पायरी म्हणून प्रत्यय छाटणारा स्टेमर लिहायचा बेत होता: च्या, चा, ची, वर, साठी, पासून, पर्यंत, लांब प्रत्यय आधी. पण एकाक्षरी ‘त’ छाटायला गेलं की ‘वसाहत’ची ‘वसाह’ होते, आणि अपवादांची यादी काही संपत नाही. हे लिहिता लिहिताच त्याहून बरं सुचलं. व्होकॅब टेबल हाताशी आहेच. ‘पुल’ टंकलं की त्याने सुरू होणारे संग्रहातले खरेखुरे शब्द, किती लेखांत आलेत त्या आकड्यासह, समोर यावेत. पुलावर, पुलाचा, पुलाखाली यांना खूण करायची, पुलाव सोडून द्यायचा. निवड ‘रूपं’ नावाच्या टेबलात राहील आणि पुढच्या वेळी ‘ऑर’ जोडून आपोआप वापरली जाईल. त्याच ओळीत इंग्रजी स्पेलिंगही बसेल. स्टेमर रद्द.

एक गुंता यानेही सुटणार नाही. विहार तलाव आणि कान्हेरी लेणी एकाच राष्ट्रीय उद्यानात, आणि लेण्यांच्या लेखांत बौद्ध विहार पानोपानी. तिथे ‘निअर’ वापरून विहार आणि तलाव दहा शब्दांच्या आत मागितले की बराच निवाडा होतो.

हार्डवेअरबद्दल थोडक्यात. डेटाबेस एसडी कार्डावर ठेवू नका, एसएसडी लावा. लॅमिंग्टन रोडवर साटा-यूएसबी अडॅप्टर घेताना आतली चिप कोणती ते विचारा. दुकानदार सांगू शकला नाही तर पुढचं दुकान गाठा. हे सगळं ज्या छोट्या संगणकावर चालतं त्या रास्पबेरी पाय ४ च्या चारही यूएसबी पोर्टांना मिळून १.२ अँपिअर मिळतात, त्यामुळे फिरती डिस्क असेल तर वेगळ्या वीजपुरवठ्याचा हब हवाच.

आता राहिल्या पीडीएफ. जुन्या शासन निर्णयांतला मजकूर बिगर-युनिकोड फॉन्टांतला आहे: पडद्यावर मराठी, कॉपी केलं की कचरा. ओसीआरमायपीडीएफला (पानाच्या चित्रातून अक्षरं ओळखून पीडीएफमध्ये मजकूर भरणारं साधन) ‘स्किप-टेक्स्ट’ सांगितलं तर तो हाच कचरा मजकूर समजून पान सोडतो, म्हणून ‘फोर्स-ओसीआर’ द्यायचं, भाषा मराठी आणि इंग्रजी दोन्ही. कोणत्या फाइलींना याची गरज आहे ते ओळखायला सोपी कसोटी लावतोय: काढलेल्या मजकुरात देवनागरी चिन्हं जवळपास शून्य आणि शीर्षक मराठी, तर फाइल रांगेत. त्या रांगेतून निघालेल्या मजकुरात ऱ आणि ॲ कसे येतात, ते पुढच्या नोंदीत.