रशियन सिनेमा बघताना आधी घर बघा

मॉस्कोत येणाऱ्या मराठी माणसाला रशियन सिनेमाची ओळख बहुधा फिल्म सोसायटीतून झालेली असते. आइझेनस्टाइन आणि तार्कोव्स्की ही दिग्दर्शकांची नावं त्याला पाठ असतात. इथले शेजारीपाजारी मात्र गायदाय, दानेलिया आणि रियाझानोव या लोकप्रिय दिग्दर्शकांच्या चित्रपटांतले संवाद उठता-बसता बोलत असतात. या दोन्ही सिनेमांना जोडणारी एक साधी वाट आहे. पात्रं कुठे राहतात, किती जागेत राहतात आणि ती जागा त्यांना कशी मिळाली, एवढंच आधी बघायचं. क्रांती, युद्ध, मंदी, खासगीकरण हे सगळं या देशात माणसाच्या वाट्याला आलेल्या चौरस मीटरमध्ये मोजता येतं. शिवाय सेन्सॉरची कात्री संवादांवर चालायची. मागची भिंत, सामाईक मोरी, दारावरच्या घंटा यांच्याकडे तिचं तेवढं लक्ष नसायचं. (शोधायला सोपं जावं म्हणून चित्रपटांची नावं शक्यतो इंग्रजीतलीच दिली आहेत.)

सुरुवात कोमुनाल्कापासून, म्हणजे अनेक कुटुंबांच्या सामाईक घरापासून करायला हवी, कारण ती कळली नाही तर पुढचं अर्धं कळत नाही. १९१७च्या क्रांतीनंतर श्रीमंतांची मोठी घरं सरकारने ताब्यात घेतली आणि एकेका खोलीत एकेक कुटुंब घातलं. बोळ एक, स्वयंपाकघर एक, संडास एक. वाचताना गिरगावातली चाळ डोळ्यांसमोर येईल, पण एक फरक नीट लक्षात ठेवा. चाळीत नळ आणि संडास सामाईक असले तरी चूल ज्याची त्याच्या खोलीत असते. इथे चूलच सामाईक. म्हणून भांडणं, प्रेमप्रकरणं, चहाड्या आणि समेट हे सगळं पडद्यावर स्वयंपाकघरात घडतं. स्वयंपाकघरात प्रत्येक कुटुंबाचं वेगळं टेबल दिसेल. बाहेरच्या दारावर नावांची यादी असते आणि कोणासाठी किती वेळा घंटा वाजवायची तेही लिहिलेलं असतं. बोळात विजेचे मीटर वेगवेगळे, आणि बऱ्याच घरांत संडासातले दिवेसुद्धा वेगवेगळे असत, म्हणजे दुसऱ्याने जाळलेल्या विजेचा भुर्दंड आपल्यावर नको. सबटायटल करणारे पाट्यांचं भाषांतर सहसा करत नाहीत. चित्रपट थांबवून मोबाइलच्या कॅमेऱ्याने पाटी वाचा, पुष्कळ काही हाती लागतं.

जागेच्या या टंचाईवरचा सगळ्यात धीट चित्रपट मूकपटांच्या काळातला आहे. अब्राम रोम यांचा १९२७चा 'बेड अँड सोफा'. त्याचं मूळ नाव म्हणजे मॉस्कोतला एक पत्ताच आहे, थर्ड मेश्चान्स्काया. आज त्याच रस्त्याला श्चेप्किन रस्ता म्हणतात. अर्ध्या तळघरातली एक खोली, तीत नवरा-बायको. नवऱ्याचा जुना मित्र मॉस्कोत कामाला येतो. नोकरी मिळते, पण जागा मिळत नाही, म्हणून त्याचं अंथरूण सोफ्यावर पडतं. पुढे त्या खोलीत तिघांचं काय होतं ते बघण्यासारखं आहेच, पण त्याआधी दोन दृश्यं जोडून बघा. नवरा बांधकामावर आहे, बोल्शोई थिएटरच्या छतावर. दुपारचा डबा तो तिथे उंचावर, सगळं शहर पायाखाली घेऊन खातो. संध्याकाळी हाच माणूस जमिनीखालच्या खोलीत उतरतो, जिथे पाय ठेवायला जागा नाही. शहर कामगारांचं झालं होतं, पण कामगाराला राहायला खोली नव्हती, हे दिग्दर्शकाने एका शब्दाशिवाय दाखवलं आहे. शेवटी दिवस गेलेली बायको दोघांनाही सोडून आगगाडीत बसते. १९२७ साली हा शेवट करायला हिंमत लागली असणार. पुढच्याच वर्षीचा बोरिस बार्नेत यांचा 'द हाऊस ऑन त्रुबनाया' याच विषयावरचा विनोदी चित्रपट. त्यात कॅमेरा जिन्याने मजल्यामागून मजला वर चढतो आणि जिन्यातच कोणी लाकडं फोडतंय, कोणी गालिचे झटकतंय, हे दाखवत जातो.

तीसच्या दशकात पडद्यावरची घरं एकदम चकाचक होतात. ग्रिगोरी अलेक्झांद्रोव यांच्या 'सर्कस'मध्ये (१९३६) हॉटेलाच्या खिडकीतून क्रेमलिन दिसतं, कोमुनाल्काचा मागमूस नाही. कोणी खोटं बोलायला सांगितलं की सिनेमा काय करतो, ते या दशकात छान कळतं. त्यातल्या त्यात अलेक्झांद्र मेद्वेद्किन यांचा 'न्यू मॉस्को' (१९३८) वेगळा. तेव्हा मॉस्कोत जुन्या इमारती पाडणं चालू होतं, काही तर अख्ख्याच्या अख्ख्या रुळांवर सरकवल्या जात होत्या. चित्रपटात नव्या शहराची चित्रफीत लोकांना दाखवताना ती चुकून उलटी फिरते, नव्या इमारती गायब होतात आणि पाडलेली जुनी चर्चेस परत उभी राहतात. चित्रपटावर बंदी आली.

युद्धाबद्दल इथे एकच दृश्य पुरे आहे. मिखाईल कालातोझोव यांच्या 'द क्रेन्स आर फ्लाइंग'मध्ये (१९५७) बाँबहल्ल्यानंतर वेरोनिका धावत जिना चढते, आपल्या घराचं दार उघडते, आणि दारापलीकडे घरच नसतं, नुसती पोकळी. या चित्रपटाला १९५८ साली कानच्या चित्रपट महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळालं. कॅमेरामन सेर्गेई उरुसेव्स्की यांनी कॅमेरा हातात घेऊन पात्रांबरोबर पळवला, आणि स्टालिनच्या काळातली ताठर, पुतळ्यांसारखी चौकट मोडली.

त्याच १९५७ सालच्या जुलैत सरकारने घरबांधणीचा मोठा ठराव केला आणि 'ख्रुश्चेवका', म्हणजे तेव्हाचे नेते ख्रुश्चेव यांच्या नावाने ओळखली जाणारी स्वस्त इमारत, जन्माला आली. कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती ट्रकने आणायच्या आणि क्रेनने जोडायच्या. मजले पाचच, कारण त्याहून उंच इमारतीला लिफ्ट सक्तीची होती आणि लिफ्टने खर्च वाढला असता. छत अडीच मीटरच्या आसपास, स्वयंपाकघर पाच-सहा चौरस मीटरचं, संडास-बाथरूम एकत्र. न्हाणीघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीत वरती छोटी खिडकी असे. चित्रपटात ती दिसली की घराचा काळ ओळखू येतो. भिंती पातळ, सांध्यांतून थंडी शिरायची. पण दार आपलं होतं! ज्यांनी वीस-वीस वर्षं दुसऱ्यांच्या टेबलाशेजारी रांधलं, त्यांच्यासाठी हे केवढं होतं ते आज या इमारतींना नाकं मुरडणाऱ्यांनी समजून घ्यायला हवं. 'चेरियोमुश्की' हा शोस्ताकोविच यांच्या संगीताचा चित्रपट याच वसाहतींवर आहे. त्यातला खलनायक एक बडा अधिकारी आहे आणि त्याचा गुन्हा काय, तर शेजारच्या घराची भिंत पाडून दोन घरांचं एक करणं.

इथे एक चूक हमखास होते. 'द पोक्रोव्स्की गेट्स' हा मिखाईल कोझाकोव यांचा चित्रपट बघून कोमुनाल्का म्हणजे प्रेमळ एकत्र कुटुंब असा समज होतो. तो बनला १९८२ साली, कथा मात्र पन्नाशीच्या दशकातली. १९८२पर्यंत कोमुनाल्कातल्या बहुतेकांना स्वतंत्र घरं मिळून गेली होती आणि भांडणांना गोडवा आला होता. म्हणून कथा कोणत्या सालातली आणि चित्रपट कोणत्या सालातला, ही दोन्ही सालं लिहून ठेवावीत. दुसरी फसगत स्टुडिओची. सेटवर भिंत काढून कॅमेरा मागे नेता येतो, त्यामुळे खोली असते त्याहून मोठी भासते. अशा वेळी छत दिसतंय का बघा. सेटवर वरून दिवे टांगायचे असल्यामुळे छत सहसा नसतंच.

एल्दार रियाझानोव यांचा 'द आयरनी ऑफ फेट' १ जानेवारी १९७६ला सोव्हिएत टीव्हीवर लागला आणि आजही दर नववर्षाला लागतो. दारू चढलेला मॉस्कोचा डॉक्टर चुकून लेनिनग्राडला, म्हणजे आजच्या पीटर्सबर्गला पोचतो. तिथेही तोच पत्ता, 'थर्ड बिल्डर्स स्ट्रीट, घर २५, फ्लॅट १२', तशीच इमारत, आणि त्याची किल्लीही लागते. सुरुवातीचं व्यंगचित्र अजिबात चुकवू नका. वास्तुविशारदाच्या आराखड्यावर एकेक साहेब सही करत जातो, बाल्कनी उडते, खांब उडतात आणि शेवटी नुसता खोका उरतो. चित्रपटातली दोन्ही शहरांतली इमारत प्रत्यक्षात मॉस्कोतच आहे, वेर्नाद्स्की मार्गावर. रियाझानोव यांचाच 'द गॅरेज' (१९७९) मला याहून मोलाचा वाटतो. गॅरेज सहकारी संस्थेच्या जागेतून महामार्ग जाणार, म्हणून चार सभासदांची नावं कापायची, आणि ती सभेत ठरवायची. कोणाची कापतात? ज्यांची कुठे ओळख नाही त्यांची. हाउसिंग सोसायटीची सर्वसाधारण सभा ज्याने पाहिली आहे त्याला सबटायटल लागणार नाहीत.

व्लादिमिर मेन्शोव यांचा 'मॉस्को डझ नॉट बिलीव्ह इन टिअर्स' आठ कोटींहून जास्त प्रेक्षकांनी पाहिला आणि १९८१ला त्याला ऑस्कर मिळालं. त्याचा अर्धा भाग 'प्रोपिस्का' म्हणजे राहण्याच्या सरकारी नोंदणीशिवाय कळत नाही. १९३२ पासून ही नोंद नसेल तर मोठ्या शहरात राहता येत नसे. कारखान्यांना बाहेरून माणसं आणायचा ठराविक कोटा होता आणि त्या मुलींना होस्टेलमध्ये कॉट मिळे. म्हणून नायिका नातेवाईक प्राध्यापकांच्या उंच इमारतीतल्या फ्लॅटमध्ये काही दिवस राहते तेव्हा तिच्याभोवतीची माणसं लगेच बदलतात. लोकांना ती मॉस्कोची वाटते.

मे १९८६च्या चित्रपटकर्मींच्या अधिवेशनानंतर सेन्सॉरने अडवून फळीवर टाकलेले चित्रपट बाहेर यायला लागले आणि नव्यांना मोकळीक मिळाली. वासिली पिचुल यांच्या 'लिटल व्हेरा'मध्ये (१९८८) तोच छोटा फ्लॅट आता घुसमट झाला आहे. बाप दारुडा, जेवणाच्या टेबलाभोवती सरकायला जागा नाही, होणाऱ्या जावयाचा प्रश्नही त्याच घरात. चित्रपटातलं शहर म्हणजे युक्रेनमधलं मारिउपोल, २०२२ साली रशियन सैन्याच्या वेढ्यात उद्ध्वस्त झालेलं.

१९९१च्या कायद्याने राहत्या माणसाला सरकारी घर फुकट स्वतःच्या नावावर करता आलं. एका रात्रीत घर ही विकायची वस्तू झाली आणि एकटे म्हातारे, दारुडे यांच्या खोल्यांवर टोळ्यांची नजर गेली. त्याच काळात चित्रपटगृहांत फर्निचरची आणि मोटारींची दुकानं थाटली गेली. अलेक्सेई बालाबानोव यांचा 'ब्रदर' (१९९७) अगदी थोड्या पैशांत बनला आणि बहुतेकांनी तो व्हिडिओ कॅसेटवर पाहिला. त्यातलं पीटर्सबर्ग बघा, ट्राम, बाजार, पडकी आवारं. सगळं आहे तसं चित्रित केलेलं.

या शतकातले दोन चित्रपट मी पुढे ठेवीन. आंद्रेई झ्व्यागिन्त्सेव यांच्या 'येलेना'मध्ये (२०११) मॉस्कोच्या मध्यातला श्रीमंत फ्लॅट आणि शहराच्या कडेला बिर्युल्योवोत वीजकेंद्राच्या चिमण्यांखालचा नायिकेच्या मुलाचा फ्लॅट, यांमधला प्रवास कॅमेरा मुद्दाम लांबवतो. युरी बिकोव यांच्या 'द फूल'मध्ये (२०१४) एका प्लंबरला दिसतं की आठशे माणसांची इमारत तळापासून गच्चीपर्यंत तडकली आहे आणि रात्रभरात कोसळू शकते. दुरुस्तीचे पैसे कुठे गेले ते नगरपालिकेतल्या सगळ्यांना माहीत असतं. झ्व्यागिन्त्सेव यांचा 'लेव्हायथन'ही घर बळकावण्याचीच गोष्ट, पण तो इथल्या थिएटरात बघितला असता तर शिव्यांच्या जागी नुसती शांतता ऐकू आली असती, कारण १ जुलै २०१४ पासून पडद्यावर शिव्यांना बंदी आहे.

२०१७ पासून मॉस्को पालिकेने पाच हजारांहून जास्त जुन्या इमारती पाडायची योजना घेतली आहे. रहिवाशांच्या दोनतृतीयांश मतांनी इमारत योजनेत गेली. चित्रपटांतली पाचमजली मॉस्को येत्या काही वर्षांत पडद्यावरच उरेल.

भारतातून बघायचं तर मोसफिल्म स्टुडिओच्या अधिकृत यूट्यूब वाहिनीवर त्यांचे बरेच जुने चित्रपट फुकट आहेत, पुष्कळांना इंग्रजी सबटायटल आहेत. सबटायटल आधी सुरू करून दोन मिनिटं तपासा, काही ठिकाणी ती फक्त यंत्राने केलेली असतात. मॉस्कोत याल तर कोतेल्निचेस्काया घाटावरच्या स्टालिनकालीन उंच इमारतीत 'इल्युझिऑन' हे सरकारी चित्रपट संग्रहालयाचं थिएटर आहे, १९६६ पासून. साध्या मल्टिप्लेक्समध्ये मात्र तिकीट घेताना नीट वाचा. २०२२ला हॉलिवूडच्या कंपन्या निघून गेल्यावर बऱ्याच थिएटरांनी युक्ती काढली. तिकिटावर एखाद्या रशियन लघुपटाचं नाव असतं आणि त्याआधीची 'मोफत सेवा' म्हणून हॉलिवूडचा चित्रपट दाखवतात, तोही रशियन डबिंगमध्ये. रशियन येत नसेल तर जुने चित्रपट घरीच बघितलेले बरे. 'बेड अँड सोफा', मग 'द आयरनी ऑफ फेट', मग 'द गॅरेज' आणि शेवटी 'द फूल', या क्रमाने. 'द फूल' आधी बघितलात तर बाकीच्यांतलं हसू आटेल.